खिशातली भरती

“आमटीचं पातेलं उचल गं जरा,” पद्माकरराव म्हणाले, आणि सून ते उचलते न उचलते तोच त्यांनी काखोटीला मारून आणलेली कागदाची गुंडाळी जेवणाच्या टेबलावर सोडून दिली. गुंडाळी आपली आपण उलगडत गेली ती थेट कोशिंबिरीच्या वाडग्याला जाऊन टेकली. चांगला सव्वा मीटर लांब कागद. त्यावर आडव्या-उभ्या रेघा आणि लाल, निळ्या, हिरव्या पेन्सिलींनी रंगवलेल्या पट्ट्या.

रविवारची दुपार होती. दर रविवारी पद्माकरराव आणि सुलेखाताई सिंगापूरच्या उत्तर टोकाच्या सेम्बावांगमधल्या आपल्या फ्लॅटमधून बुकित तिमाहला मुलाच्या आलिशान काँडोत जेवायला येत. गेल्या वर्षी पद्माकररावांना स्टेंट बसवला तेव्हापासून अनीशने हा शिरस्ता पाडला होता. जेवणाआधी तो बापाचं ब्लडप्रेशर मोजायचा आणि जेवणानंतर आठवड्याभराची बिलं स्वतःच्या फोनवरून भरून टाकायचा. बापाने फक्त जेवायचं.

“हे काय आता?” अनीशने विचारलं. तो बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता. घरातही त्याचे प्रश्न मीटिंगमधल्यासारखेच यायचे.

“प्लॅन. नोव्हेंबरचा तिसरा शनिवार. अनुयाच्या कॉलेजच्या स्टेडियममध्ये यंदाची शेवटची फुटबॉल मॅच आहे. मी चाललोय.”

“अमेरिकेला?” अनीशने घास ताटात ठेवला. “एकाहत्तराव्या वर्षी, स्टेंट घेऊन, मॅच बघायला? आणि तो धड फुटबॉल तरी आहे का बाबा? हातात घेऊन पळतात ते लोक!”

“पळेनात का. नाव त्यांनी ठेवलंय, निस्तरतील तेच.”

मीनल, म्हणजे सून, पातेलं हातात धरून तशीच उभी राहिली होती. सुलेखाताई मुकाट्याने भात कालवत होत्या. त्यांना ही बातमी आठवडाभर आधीच कळली होती आणि त्यांनी आपला निकालही देऊन टाकला होता: “एकट्याला सोडते होय मी तुम्हाला! मीही येणार.”

“आई, तू तरी सांग ना यांना काहीतरी.”

“मी काय सांगू? माझ्या नावाची पट्टी हिरवी आहे. बघ, ती तिसरी.”

आता एका मॅचवरून एवढा गहजब का, तर त्याला कारण होतं. अनुया ही अनीश-मीनलची एकुलती एक मुलगी. चार वर्षांपूर्वी अमेरिकेच्या मधोमध, मक्याच्या शेतांत वसलेल्या एका विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकायला गेली. तिथे ती फुटबॉलच्या संघात शिरली. खेळायला नव्हे, सामान सांभाळायला. सव्वाशे खेळाडूंची हेल्मेटं, खांद्यांची चिलखतं, बूट, शर्ट, सगळं धुऊन, तपासून, ट्रकात भरून मैदानावर हजर ठेवायचं. मॅच चालू असताना एखाद्या हेल्मेटची जाळी निखळली तर पळत जाऊन, कमरेचा स्क्रूड्रायव्हर काढून, वीस सेकंदांत बसवून द्यायची. अशी पंधरा-वीस मुलंमुली होती, आणि अनुया त्यांची म्होरकी होती.

दुसऱ्या वर्षी अनीश कामासाठी तिकडे गेला असताना न कळवता मुलीला भेटायला म्हणून गेला. त्याला ती दिसली ती चिखलाने आणि घामाने भरलेल्या शर्टांची ढकलगाडी ओढताना. तो तिच्याशी दहा मिनिटं बोलला आणि त्याच दिवशी परत फिरला. “मी मुलीला शिकायला पाठवलं, दांडग्यांचे कपडे धुवायला नाही,” एवढंच घरी आल्यावर म्हणाला. तेव्हापासून बापलेकीत फुटबॉल हा शब्द निघत नव्हता. अनुयाचे मार्क पहिल्या पाचांतले होते, पण ते कुणाच्या खिजगणतीत नव्हतं.

आणि मागच्या रविवारी आजोबांशी व्हिडिओवर बोलता बोलता ती सहज म्हणून गेली होती, “आजोबा, लास्ट मॅचला फोर्थ इयरवाल्यांना एकेक करून ग्राउंडवर बोलावतात. फॅमिलीबरोबर. लाउडस्पीकरवर नाव वगैरे. आम्हा सामानवाल्यांना पण!”

“मग तुझ्याबरोबर कोण?”

“कोचचा कुत्रा आहे ना! त्याच्याबरोबर जाईन, लाह. ही इज सो क्यूट.”

वाक्याला सिंगापुरी ‘लाह’चं शेपूट लावून ती हसली होती. ते हसू गरजेपेक्षा जरा जास्त लांबलं, हे पद्माकररावांनी हेरलं. साठ हजार माणसांसमोर बाकी सगळी पोरं आईबापांचे हात धरून चालणार, आणि आपली पोर एकटी? छे! ते काही नाही. फोन ठेवल्या ठेवल्या त्यांनी माळ्यावरून कागदाची गुंडाळी काढली होती.

“मी एकदा बघितलंय ते,” अनीश टेबलावरून उठत म्हणाला. “पुन्हा बघायचं नाही मला. आणि तुम्हीही जायचं नाही. डॉक्टर हो म्हणणारच नाहीत.”

पद्माकररावांनी कागदाच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे लाल पट्टीवर लिहिलं होतं: डॉक्टर, नोव्हेनाचा दवाखाना, बुधवार, दहा वाजता.

*

पद्माकर सोहोनी एकोणऐंशी साली माझगावहून सिंगापूरला आले ते जहाजांच्या दुरुस्तीच्या गोदीत प्लॅनर म्हणून. काम सांगायला सोपं. जहाज गोदीत घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसायचं, जहाज ठोकळ्यांवर अलगद टेकवायचं, तळ खरवडून रंगवायचा, आणि ठरल्या दिवशी भरती बघून पुन्हा समुद्रात सोडायचं. कुठल्या तासाला कुठला कारागीर जहाजाच्या कुठल्या कोपऱ्यात असेल हे आधी कागदावर मांडणारा माणूस म्हणजे पद्माकर सोहोनी. बत्तीस वर्षं, सहाशे अकरा जहाजं, आणि एकही भरती चुकलेली नाही.

जहाज सुटायच्या वेळी भोंगे वाजत, मालकाची माणसं कठड्याला उभी राहून फोटो काढून घेत. त्या वेळी पद्माकरराव वरच्या ऑफिसात खिडकीला पाठ करून पुढच्या जहाजाच्या पट्ट्या आखत बसलेले असायचे. सहाशे अकरा जहाजांच्या फोटोंत ते एकाही फोटोत नाहीत. त्यांना कधी त्याचं काही वाटलं नाही असं ते सांगत. सुलेखाताईंना वाटत असे, पण त्यांना कोण विचारतो!

त्यांची एक खोड मात्र अख्ख्या गोदीत कुणालाच ठाऊक नव्हती. मॅनेजरला ते सांगायचे, गुरुवारी सकाळच्या भरतीला जहाज सोडू. आणि काम असं आखायचे की बुधवारी संध्याकाळच्या भरतीलाच जहाज तयार असावं. मधली ती एक भरती कुणाला दाखवायची नाही. दाखवली की लोक ती वापरून टाकतात. पाऊस येतो, वेल्डर आजारी पडतो, बोल्ट तुटतो, तेव्हा ती बाहेर काढायची. “एक भरती खिशात,” ते म्हणायचे, तेही फक्त एकाच व्यक्तीला.

ती व्यक्ती तेव्हा सहा वर्षांची होती. अनीश आणि मीनल दोघंही कामावर, त्यामुळे दर शनिवारी अनुया सेम्बावांगला आजोबांकडे असायची. आजोबा पट्ट्या आखायचे आणि ती जीभ बाहेर काढून रंगवायची. लाल म्हणजे लोखंडाचं काम, निळं म्हणजे पाणी, हिरवं म्हणजे माणसं. रंग रेघेबाहेर गेला तर आजोबा म्हणायचे, “बघ, तुझ्या वेल्डरने ओव्हरटाइम केला.”

दोन वर्षांपूर्वी अनुयाने त्यांना एक फोटो पाठवला होता. माणसाचा नाही, एका कागदाचा. परगावच्या मॅचला जाणाऱ्या ट्रकात कुठली पेटी आधी चढवायची आणि कुठली शेवटी, याच्या पट्ट्या. लाल, निळ्या, हिरव्या. पद्माकररावांनी तो छापून फ्रीजवर लावला होता. अनीशच्या नजरेस तो येता-जाता शंभर वेळा पडला असेल. नीट बघितला असेल का, ते देव जाणे.

*

डॉक्टरांनी कागदपत्रं चाळली, पट्टी गुंडाळून प्रेशर घेतलं आणि म्हणाले, “अंकल, कॅन गो. विमानात दर तासाला उठून चालायचं, एवढं करा.” पद्माकररावांनी ते लेखी घेतलं. गोदीतला माणूस, तोंडी परवानगीवर जहाज हलवत नाही.

मग घोडं अडलं राहायच्या जागेवर. त्या गावाची वस्ती चाळीस हजार, आणि स्टेडियममध्ये माणसं बसतात साठ हजार! मॅचच्या शनिवारसाठी लोक वर्षभर आधी खोल्या अडवून ठेवतात. पद्माकरराव रोज पहाटे पाचला चहा घेऊन फोनपाशी बसायचे, कारण तेव्हा तिकडे दुपार असायची. एकामागून एक हॉटेलवाले नाही म्हणत होते. एक बाई तर हसलीच. सुलेखाताई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, “अहो, नाही म्हणतात तर पुढचा लावा, तिच्याशी वाद काय घालताय?”

एकतिसाव्या फोनला पन्नास किलोमीटरवरच्या एका मोटेलमध्ये कुणीतरी हॅलो म्हटलं आणि त्या हॅलोवरूनच पद्माकररावांनी माणूस ओळखला. नवसारीचे पटेल निघाले.

“सिंगापूर से फुटबॉल देखने आ रहे हो, अंकल?” पटेल चाट पडले.

“फुटबॉल गया चूल्हे में. पोती को देखने.”

पटेलांनी क्षणभर विचार केला. ऑफिसशेजारची एक खोली ते घरच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवत, ती त्यांनी देऊन टाकली. वर म्हणाले, “बस-वस छोडो, स्टेडियम मैं खुद छोड़ आऊंगा.” पद्माकररावांनी एक अख्खी पट्टी हिरवी केली आणि त्या दिवशी चहाला साखर घेतली. मधुमेह नव्हताच, पण अनीशने साखर बंद केली होती.

एक गोष्ट मात्र कागदावर पेन्सिलीनेच राहिली होती: मॅचची वेळ. ती तिकडे टीव्हीवाले ठरवतात आणि जेमतेम बारा दिवस आधी सांगतात. गेली पाच वर्षं शेवटची मॅच दुपारी अडीचला झाली होती, म्हणून त्यांनी अडीच धरले. शुक्रवारी निघायचं, तारखेच्या हिशोबाने शुक्रवारीच शिकागोला उतरायचं, शनिवारी सकाळच्या बसने साडेबाराला पोचायचं. पोरं मैदानात चालणार दोन वाजता. अनीशच्या टेबलावर मांडलेल्या कागदात असं होतं.

आणि हो, अनुयाला यातलं अवाक्षर सांगायचं नाही असा त्यांचा सक्त हुकूम होता. ऐनवेळी समोर उभं राहायचं. तिचं तोंड कसं होईल याची कल्पना करून ते एकटेच हसायचे.

*

मंगळवारी सकाळी अनीशचा फोन आला.

“बाबा, वेळ जाहीर झाली. मॅच सकाळी अकराला आहे. पोरं साडेदहाला चालणार. तुमची बस पोचते साडेबाराला.” त्याच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता, हे कबूल करायला हवं, पण सुटल्याचा होता. “तिकिटं रद्द करून टाका. मी करतो, मला नंबर पाठवा.”

“संध्याकाळी या दोघं,” पद्माकरराव म्हणाले. “पिठलं-भात आहे.”

संध्याकाळी दोघं आली. पद्माकरराव टेबलाशी बसले होते आणि त्यांच्यासमोर एक छोटा पिवळा लिफाफा होता. त्यांनी तो अनीशकडे सरकवला. आत विमानाची तिकिटं होती. अनीशने ती वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

“बुधवार?”

“बुधवारी निघतो. गुरुवारी मुक्कामाला. शुक्रवारी झोप, फेरफटका, जागा बघून घेणं. शनिवारी सकाळी साडेसातला पटेल गाडी काढणार. मॅच सकाळी नऊला ठेवली असती तरी मी पोचलो असतो.”

“पण कागदावर शुक्रवार होता!”

“कागद मॅनेजरसाठी असतो.”

सुलेखाताई फिस्सकन हसल्या आणि पदर तोंडाला लावून पिठलं ढवळायला गेल्या. अनीश बघत राहिला. वर्षभर ज्या माणसाची बिलं आपण भरतोय, ज्याला एमआरटीच्या मेट्रोने एकटं पाठवायला आपण घाबरतो, त्याने आपल्याला चारीमुंड्या चीत केलंय, हे त्याच्या हळूहळू ध्यानात येत होतं. आणि खरं सांगायचं तर पद्माकररावांना त्या क्षणी इतका आनंद झाला की सहाशे अकरा जहाजं सोडताना झाला नसेल.

तो आनंद मोजून दोन मिनिटं टिकला.

“बाबा,” मीनल फोनमध्ये बघत म्हणाली. ती मघापासून विद्यापीठाचं पान वाचत होती. “इथे लिहिलंय की मैदानात जाणाऱ्या घरच्यांची नावं आधी द्यायची असतात. फॉर्म आहे. ज्यांची नावं आहेत त्यांनाच पास.”

“मग देऊ की.”

“एक तारीख शेवटची होती.” ती थांबली. “आज आठ.”

पद्माकररावांचा चेहरा पांढरा पडला. सगळं धरलं होतं त्यांनी. थंडी, विमान, पटेल, औषधं. पण नावं द्यायची तर अनुयाने द्यायची, आणि अनुयालाच त्यांनी अंधारात ठेवलं होतं. मजा म्हणून! भरती खिशात ठेवायची सवय, आणि ज्या पोरीसाठी ही सगळी खटपट तिलाही दाखवली नाही. अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून जायचं आणि कुंपणाबाहेर उभं राहून तिला एकटीला चालताना बघायचं.

“मूर्ख आहे मी,” ते म्हणाले. अगदी साधं, अगदी हळू.

“मूर्ख नंतर व्हा,” सुलेखाताई डाव हातात घेऊन बाहेर आल्या. “आधी तिला फोन लावा.”

तिकडे सकाळचे सहा वाजत होते. फोन उचलला गेला, आणि स्पीकरवर धुलाई यंत्रांची घरघर ऐकू आली.

“आजोबा? एव्हरीथिंग ओके?”

पद्माकररावांनी सगळं सांगून टाकलं. पहिल्या गुंडाळीपासून शेवटच्या चुकीपर्यंत. मध्येच सुलेखाताईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. “माझं चुकलं, बाळा. तुला विचारायला हवं होतं. आता तुझ्या त्या कोचला सांगून काही होतंय का बघ. नाहीतर आम्ही आपले वर प्रेक्षकांत बसू. तू कुत्र्याबरोबर चाल, आम्ही टाळ्या वाजवू.”

पलीकडे फक्त घरघर. मग तीही थांबली. तिने यंत्र बंद केलं असावं.

“आजोबा,” अनुया म्हणाली, “फॉर्म तर मी सप्टेंबरमध्येच भरला.”

“कुणाचं नाव लिहून?”

“फोर लाइन्स होत्या. पद्माकर सोहोनी, ग्रँडफादर. सुलेखा सोहोनी, ग्रँडमदर. मीनल सोहोनी, मदर.” ती क्षणभर थांबली. “अनीश सोहोनी, फादर.”



“पण अगं, कुणी येणार नव्हतं ना?” पद्माकररावांनी विचारलं.

“नव्हतंच. बट तुम्हीच शिकवलंत ना. एक भरती खिशात ठेवायची. कोणाला सांगायचं नाही.” तिचा आवाज आता चांगलाच ओला झाला होता. “आय डिडन्ट टेल एनीवन, लाह.”

मीनल रडत होती आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हती. डोळे पुसत ती फोनजवळ वाकली. “अनू, मी येतेय. ऐकलंस? आई येतेय. बाबा, त्या विमानात अजून एक जागा मिळते का बघा ना.”

“बघायला कशाला लागतं?” पद्माकरराव म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. “धरून ठेवलीय.”

अनीश उठला आणि बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये कठड्याशी जाऊन उभा राहिला. पिठलं निवेपर्यंत तो तिथेच होता. आत आला तेव्हा फोन बंद झाला होता.  जेवायला बसण्याआधी तो फ्रीजपाशी थांबला, आणि त्यावर लावलेला तो ट्रकचा कागद त्याने बराच वेळ बघितला.

*

बुधवारी चांगी विमानतळावर सोडायला अनीशच आला. बॅगा उतरवल्या, वजनं पुन्हा तपासली, आईला औषधांचा डबा दाखवायला लावला. “शुक्रवारी माझी बोर्ड मीटिंग आहे,” तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. मग गाडीच्या मागच्या सीटवरून त्याने एक जाड, काळा, लोकरीचा ओव्हरकोट काढला. लंडनला असतानाचा. अनुया तेव्हा तीन वर्षांची होती आणि थंडी वाजली की याच कोटात शिरायची.

“तुमचं ते जाकीट तिथे पुरायचं नाही,” त्याने बापाच्या खांद्यावर कोट टाकला. बाह्या चार बोटं लांब होत्या. पद्माकररावांनी त्या दुमडायला घेतल्या तर म्हणाला, “राहू द्या. हात गरम राहतील.”

शनिवारी पटेलांनी साडेसातला गाडी काढली. स्टेडियमच्या दाराशी सुलेखाताईंची पर्स अडवली; आत फक्त आरपार दिसणारी पिशवी चालते म्हणे. “म्हणजे माझ्या गोळ्यांची अख्ख्या गावाला जाहिरात,” असं करवादत त्यांनी सगळं सामान प्लास्टिकच्या पिशवीत भरलं. लाडूचा डबा पाहून पहारेकऱ्याने विचारलं हे काय. त्यांनी त्यालाच एक दिला आणि पुढे निघाल्या.

भुयारासारख्या लांब वाटेच्या तोंडाशी अनुया उभी होती. संघाचं जाकीट, कमरेला स्क्रूड्रायव्हर, नाक थंडीने लाल. ती आधी आजीच्या गळ्यात पडली, मग आईच्या, आणि दोघीजणी किती वेळ सुटेचनात. शेजारून जाणारा दरवाजाएवढा एक खेळाडू थांबला, पद्माकररावांपुढे वाकला आणि म्हणाला, “सर, हिने माझं हेल्मेट वेळेत बसवलं नसतं तर मागची मॅच आम्ही हरलो असतो.” पद्माकररावांनी मान डोलावली. वेळेत म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कोटाच्या खिशात फोन थरथरला. अनीशचा निरोप होता: ‘बाबा, वेळेवर?’

त्यांनी गारठलेल्या बोटाने एकेक अक्षर दाबलं: ‘दहा मिनिटं आधी.’

मग वाद्यं थांबली आणि लाउडस्पीकरवर आवाज घुमला. अनुया सोहोनी, सिंगापूर. सोबत आजोबा पद्माकर सोहोनी. आजी सुलेखा सोहोनी. आई मीनल सोहोनी. आणि यादी सप्टेंबरची होती, ती कुणी बदलली नव्हती, म्हणून: वडील अनीश सोहोनी. पाचही नावं त्या एवढ्या मोठ्या आकाशात गेली आणि साठ हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या. हिरव्यागार गवतावर चार माणसं चालायला लागली. पद्माकररावांची पाठ ताठ होती. स्टेंटनंतर अनीशने हातात दिलेली काठी ते मुद्दामच पटेलांच्या गाडीत विसरले होते. पुढे फोटोवाला गुडघ्यावर बसून त्यांच्याकडेच कॅमेरा रोखत होता, आणि या वेळी खिडकीला पाठ करून बसायची सोय नव्हती. ते सरळ कॅमेऱ्याकडे बघून हसले.

अनुयाने एका बाजूला आईचा हात धरला होता. दुसऱ्या बाजूला आजोबांचा हात धरायला गेली, तर हातात आली ती लोंबती बाही. तिने ती बघितली. बोटांनी चाचपली. कोट ओळखीचा होता. तिने बाही वर सारून आजोबांचा हात शोधला नाही. त्या रिकाम्या चार बोटांच्या लोकरीला तिने मुठीत गच्च धरलं आणि मैदान संपेपर्यंत सोडलं नाही.